शहाडचा धाकू आणि स्टेशनातलं घड्याळ

कल्याण जंक्शनात तिकिटाच्या खिडकीमागे मी एकवीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे पुणं मागितलं, नाशिक मागितलं, बोरीबंदर मागितलं, पण "मास्तर, जेवलात का?" असं विचारणारा एकच भेटला. तो शहाडचा धाकू. आणि त्याला तिकीट कधीच नको असे.

शहाड कल्याणच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या अंगाला. धाकू तिथला आगरी. भाताची कामं आटोपली की तो बैलगाडी जुंपून स्टेशनाबाहेरच्या चिंचेखाली येऊन उभा राही. उंच, हाडकुळा, अंगात बंडी, कानात बाळी. उतारूंची ने-आण हा त्याचा धंदा. पण धंदा तरी कसला म्हणायचा, तोंड उघडलं की स्वतःचंच गिऱ्हाईक घालवायचा. आगगाडी लागली की बाकीचे गाडीवाले उतारूंची गाठोडी ओढायला धावत. धाकू मात्र फलाटाच्या कठड्याशी उभा राहून नव्या, बावरलेल्या माणसांना चार गोष्टी सांगत बसे. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी नेमलंही नव्हतं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना या जंक्शनाचा प्रकार थोडा सांगायला हवा. मुंबईहून आलेली वाट कल्याणला फुटते. एक फाटा बोरघाट चढून पुण्याला जातो, दुसरा थळघाट चढून नाशिकला. घाटावरचा शेतकरी, जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसलेला, त्याला इथे उतरून गाडी बदलायची असे. त्याच्या लेखी कल्याण म्हणजे परमुलूखच. इथली हवा अशी दमट की दहा पावलं चालला की तो घामाने भिजे आणि आपल्याला ताप भरला असं वाटून बसकण मारी. बोलणं मराठीच, पण कानाला निराळं लागे. त्यात मी खिडकीतून ओरडे आणि माझ्या ओरडण्याने तो जास्तच गोंधळे. माझा स्वभाव तापट, हे मी नाकारत नाही.

धाकूचा आवाज कधी चढला नाही. तो डब्याच्या दारापाशी जाऊन आधी उतरायचं कसं ते सांगे. "पयला एक गडी खाली उतरंल. मग गाठोडी. मग बाया-पोरां. आनि दुसरा गडी शेवटाला." लोक नेमकं उलटं करत. बायकांना आधी उतरवण्यात मर्यादा आहे असं त्यांना वाटे, आणि मग बायका फलाटावर, पुरुष आणि पितळी भांडी इगतपुरीला, असा घोळ महिन्यातून दोनदा तरी ठरलेला.

उतरल्यावर मोजणी. तीही डोळ्यांनी नाही. घाबरलेला माणूस स्वतःला मोजायला विसरतो, असं धाकूचं म्हणणं. म्हणून घरून निघतानाच उपरण्याला माणशी एक गाठ मारायची आणि उतरल्यावर एकेकाला हात लावत गाठी सोडायच्या. गाठ उरली तर माणूस राहिला. नंतर तिकीट. दारावर तिकीट मागितलं की घाटावरचे लोक हटून बसत. मी विकत घेतलेली वस्तू तुला का देऊ, हा त्यांचा सवाल. माझा सहकारी हमरीतुमरीवर येई. धाकू मात्र शांतपणे सांगे, "बाबा, ते तुझं नाय, ते गारीचं हाय. तू पोचलास ना? मग आता दिऊन टाक." आगरी माणसाच्या तोंडी गाडीची गारी होते, वेळेची येल आणि मलाचं मना. एवढं ऐकून तो घाटावरचा गडी खरोखर तिकीट देऊन टाकी, वर रामराम घाली.

गाडी बदलताना काय विचारायचं हेही तो शिकवी, आणि ते मला सगळ्यांत आवडे. "ही गारी पुन्याला जाते ना, असं इचारू नका. इचारलंत का समोरचा मान हलवंल. त्याला ठाव नसलं तरी हलवंल. पाव्हनं, तुमी कुठं उतरनार, असं इचारा. तो सोताचं गाव खरं सांगंल." रेल्वेचे मी किती हुकूम आणि किती नियम वाचले असतील, या एका वाक्याइतका उपयोगी त्यांतला एकही नव्हता.

चिंचेजवळची विहीर गोड्या पाण्याची, मालधक्क्यामागची मचूळ, हे तो सांगे. बंदरावर जायचं असेल तर वाट सरळ आहे, गाडी करू नका, अगदी माझीसुद्धा करू नका, हेही सांगे. दुसऱ्या गाडीवाल्यांनी एकदा चिडून त्याला चिंचेखालून हाकलायचा घाट घातला होता. मी खिडकी सोडून बाहेर गेलो आणि त्यांना चार शब्द सुनावले. माझा तापट स्वभाव सत्कारणी लागला तो बहुधा तेवढ्याच वेळी.

एकदा मी त्याला विचारलं, "धाकू, हा उद्योग तुला कोणी सांगितला?" तेव्हा त्याने आपल्या आईची गोष्ट सांगितली. विशीत असताना तो म्हातारीला घेऊन मुंबादेवीला निघाला होता. भायखळ्याला पाणी प्यायला उतरला आणि गाडी आईला घेऊन निघून गेली. दोन दिवस तो मुंबईभर वेड्यासारखा हिंडला. आई सापडली ती बोरीबंदरावर, जिथे उतरवलं होतं त्याच खांबाशी बसलेली. जागची हलली नव्हती म्हणून सापडली. म्हातारी पुढे पंधरा वर्षं जगली, पुन्हा गाडीत बसली नाही, आणि रोज जेवताना त्याला त्या दोन दिवसांची आठवण करून देत राहिली. "म्हनून सांगतो मास्तर," तो म्हणाला, "चुकेल त्यानं हलायचं नाय. शोधनाऱ्यानं एकट्यानं शोधायचं." हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिकिटं मोजल्यासारखं केलं.

त्याच्या सांगण्यातली शेवटची गोष्ट घड्याळाची. आगगाडीची घड्याळं त्या वेळी मद्रासच्या वेळेवर लावलेली असत. मद्रासला सूर्य आपल्या आधी उगवतो, म्हणून स्टेशनातलं घड्याळ गावच्या वेळेपेक्षा जवळजवळ अर्धा तास पुढे. कचेरीत, देवळात, जोश्याच्या घटिकापात्रात आपली वेळ; स्टेशनाच्या दारातून आत आलं की मद्रासची. शिकलेली माणसंसुद्धा यात फसत आणि माझ्यावर डाफरत. धाकूला वाचता येत नव्हतं, पण त्याने हिशेब पक्का बसवला होता. "टेसनाचं घड्याल आपल्या सूर्याच्या सव्वा घटका पुढं धावतं. परतायचं तवा सव्वा घटका आधी निघा, नायतर धूर बगत बसाल." प्रत्येक उतारूला तो हे ऐकवी. मी दिवसातून वीस वेळा ऐकत असे.

अठराशे एकोणऐंशी सालच्या वैशाखात धाकूच्या मुलीचं, सगुणाचं, लग्न ठरलं. पोर तेव्हा तेराची, त्या काळी ते थोराड वय. सोयरीक जुळली ती ठाण्याजवळच्या बाळकुमातली. मुलाचा बाप गणू मिठागरावर कामाला. कमी बोलणारा, मानी माणूस. घर चांगलं, मुलगा चांगला. फक्त गणूचा मेव्हणा या सोयरिकीवर नाराज होता, कारण त्याची स्वतःची मुलगी लग्नाची होती आणि भाचा आपल्याच घरी येईल असं तो धरून चालला होता.

बाळकुमचं वऱ्हाड कल्याणकडे यायचं ते होडीने, खाडीतून, भरतीवर. पिढ्यान्‌पिढ्या तसंच. धाकूने हट्ट धरला की वऱ्हाड आगगाडीने आलं पाहिजे. लोकांना गाडीत चढवण्या-उतरवण्यात ज्याचा जन्म चालला, त्याच्या मुलीचा नवरा चिखल तुडवत बंदरावरून यावा हे त्याला पटेना. गणूने मानलं. धाकू स्वतः बाळकुमला गेला आणि सगळं सांगून आला: आधी गडी, मग गाठोडी, उपरण्याच्या गाठी, तिकीट कनवटीला. गाडी आठाला ठाणं सोडते, म्हणाला. सकाळची गाडी, नऊला कल्याण, तिथून फुलं बांधलेल्या सहा बैलगाड्या, आणि सूर्योदयापासून तेरा घटकांवर, म्हणजे अकराच्या सुमाराला, मुहूर्त.

लग्नाच्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी जेवायला जायचं ठरलं होतं. नऊच्या सुमाराला धाकू नव्या पागोट्यात, त्याचा चुलतभाऊ रघु, सनईवाले आणि शहाडची दहा-बारा माणसं फलाटावर येऊन उभी राहिली. स्टेशनमास्तरांनी त्या दिवसापुरतं वाजवायला परवानगी दिली होती. गाडी आली. सनई सुरू झाली. एक पारशी उतरला, दोन शिपाई उतरले, आणि केळीच्या टोपल्या घेऊन एक बाई उतरली. गाडी निघून गेली. सनईवाला बिचारा वाजवतच राहिला, कारण थांबायला त्याला कोणी सांगितलं नाही.

धाकू गाडीच्या शेवटापर्यंत चालत गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता असा भाव होता. हजारो लोकांच्या तोंडावर तो मी पाहिला होता, पण धाकूच्या नाही.

"चढले नसतील," रघु म्हणाला. "मिठागरातली मानसं. त्यांना घड्याल काय कलतंय?"

बाकीच्यांनाही वाचा फुटली. कोणी म्हणे झोपले असतील, कोणी म्हणे ताडी प्याले असतील. मी खिडकी दुसऱ्याकडे दिली आणि बाहेर आलो. का कोण जाणे, माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली.

"धाकू, तू त्यांना वेळ काय सांगितलीस?"

"आठ."

"कुठल्या घड्याळाने?"

 तो हळूहळू खाली बसला, फलाटाच्या फरशीवर, नव्या धोतरासकट. बारा वर्षं जी गोष्ट त्याने कल्याणला उतरणाऱ्या प्रत्येक परक्याला सांगितली, ती आपल्या व्याह्याला सांगायची राहून गेली होती. स्टेशनात राहून राहून त्याच्या डोक्यात आठ म्हणजे स्टेशनातलेच आठ झाले होते. उतरणाऱ्यांना सांगायची त्याला सवय होती. चढणाऱ्याला कधी सांगावं लागलं नव्हतं.

ठाण्यात काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. गणूचं वऱ्हाड पहाटेच बाळकुमहून निघालं होतं. उजाडता उजाडता सगळे मासुंद्याच्या तळ्याकाठी येऊन बसले. स्टेशन तिथून हाकेवर. कचेरीचा तास सातला पडला तेव्हा त्यांनी भाकऱ्या सोडल्या. सावकाश खाल्लं, हात धुतले, गाठी मोजल्या, आणि आठाला बराच अवकाश ठेवून रुबाबात फलाटावर गेले. स्टेशनातल्या घड्याळात तेव्हा सव्वाआठ झाले होते. त्यांची काडीइतकी चूक नव्हती.

त्या वेळी धाकूला मुहूर्ताची चिंता नव्हती. जोशी संध्याकाळचा गोरज मुहूर्त काढून देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भीती निराळीच होती. आगऱ्यांत एकदा बाशिंग बांधून उंबरा ओलांडलेला नवरा लग्न लागल्याशिवाय घरी परतत नाही. गणूने रागाने वऱ्हाड फिरवलं तर त्याला त्याच दिवशी कुठेतरी मुलाचं लग्न लावावंच लागणार, आणि मेव्हण्याची मुलगी घरात तयार होती. मेव्हणा वऱ्हाडात होताच. इकडे सगुणा अंगाला हळद लावून मांडवात बसलेली. हळद लागून लग्न मोडलेल्या मुलीला पुढे कोण विचारतो?

"तार करू," मी म्हणालो.

तारमास्तरांना मी गळ घातली. कागद घेतला आणि इंग्रजीत दोन ओळी खरडल्या: गाडी चुकली. दुपारच्या गाडीने या. मुहूर्त संध्याकाळी. मग धाकूला मराठीत वाचून दाखवलं. मला वाटलं, छान झालं. कोणाला दोष नाही, कोणाचा अपमान नाही.

धाकू म्हणाला, "मास्तर, यात चूक कोनाची ते नाय."

"अरे, तारेत शब्द मोजून असतात. चुकीचं कशाला घालतोस?"

"तेच घाला. बाकी नाय घातलं तरी चालंल."

रघु उसळला. "येडा झालास काय? आपन पोरीवाले. आदीच वाकलेले. त्यांच्या हाती कागद दिलास का मी चुकलो म्हनून, तर जल्मभर सगुणाला तेच आयकवतील. तुज्या बापानं आमची फजिती केली, तुज्या बापानं आमाला टेसनावर बसवलं. तिनं तिथं नांदायचं हाय, तू नाय."

खरं सांगतो, मला रघुचं म्हणणं पटलं होतं. मी मुलींचा बाप आहे. माझ्या मुलीच्या सासरी मी असला कागद पाठवला नसता. गाडीवर, घड्याळावर, मद्रासवर ढकलून मोकळा झालो असतो. आणि कोणी मला खोटा म्हटलं नसतं.

  धाकू म्हणाला, "रघु, आता ते तिथं उभे असतील, आनि ठानेकर त्यांना हसत असतील. गेलेली गारी बगायला आले म्हनून. त्या हसन्यात माजी पोर देऊ? पुढं तिला काय आयकवतील ते मना ठाव नाय. पन आज ते शाने आनि मी येडा, हे त्यांना कललं पायजे. लिवा मास्तर."

मी लिहिलं. चूक धाकूची. वेळ चुकीची सांगितली. तुमचा दोष नाही. बसून राहा. दुपारच्या गाडीने या. तारमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कट्ट कडकट्ट सुरू केलं. असली तार त्या यंत्रातून आधी कधी गेली नसावी.

उत्तर आलं नाही.

रघु शहाडला निरोप घेऊन गेला. मांडवात काय झालं असेल याची कल्पना मी करू शकतो. धाकूची बायको गोदा तोंडाची तिखट होती. धवलारीण शेवंती, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात मुहूर्तापर्यंत गाणी म्हणून विधी पार पाडणारी बाई, पहाटेपासून गात होती. आता पुन्हा पहिल्यापासून गा, असं सांगितल्यावर ती म्हणे भडकली, आणि भडकून पुन्हा पहिल्यापासून गायला बसली. धाकू मात्र फलाटावरून हलला नाही. मी माझी शिदोरी पुढे केली तर म्हणाला, "मुलीचा बाप हाय मी, उपास हाय माजा." चार तास तो त्या घड्याळाखाली उभा होता. वर एकदाही पाहिलं नाही.

दोन वाजता गाडीचा धूर दिसला.  धाकूची काय गत झाली असेल ते देव जाणे. गाडी थांबली. तिसऱ्या वर्गाच्या डब्याचं दार उघडलं आणि आधी एक गडी उतरला. मग गाठोडी. मग बायका, पोरं. मग बाशिंग बांधलेला नवरा, घामाने थबथबलेला. त्याच्यामागून गणू. मेव्हणाही होता, तोंड फिरवून.

धाकू पुढे गेला. पारशी, गोरे, हमाल, त्याच्यावर जळणारे गाडीवाले, सगळ्यांच्या देखत त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि व्याह्याच्या पायांशी ठेवलं. "मी चुकलो," म्हणाला. "सगल्या दुनियेला सांगतो, तुमाला सांगायचं इसरलो."

 गणूने आपलं उपरणं काढलं आणि एकेकाला हात लावत गाठी सोडल्या. शेवटची गाठ सुटली. मग वाकून पागोटं उचललं, झटकलं आणि धाकूच्या हातात दिलं.

"ठान्याच्या मास्तरानं तार मोठ्यानं वाचली," तो म्हणाला. "सगल्या फलाटानं आयकली. हसत व्हते ते गप बसले." मग पागोट्याकडे बोट दाखवून, "घाल डोईला. ऊन हाय."

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. शेवंतीचा आवाज पार बसला होता. मी जेवायला गेलो आणि जरा जास्तच जेवलो.

पण गोष्ट एवढ्यावर भागली नाही. फलाटावरचे लोक क्षमा करत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडीवाल्यांनी धाकूला जीव नकोसा केला. "काय धाकूशेट, आज कंच्या घड्यालानं जेवलात?" असं चाललेलं. धाकू यायचा, बैल सोडायचा, आणि चिंचेखाली बसून राहायचा. कठड्याशी जाणं त्याने बंद केलं. महिनाभर तो उतारूंशी एक शब्द बोलला नाही. त्या महिन्यात माझ्या खिडकीपुढे काय गोंधळ माजला ते मीच जाणतो. पुण्याची माणसं नाशिकला गेली, भांडी राहिली, बायका रडल्या, आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मला त्याची उणीव भासत होती. केवळ कामापुरती नव्हे. हे मी त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

एके दुपारी जुन्नरकडची एक म्हातारी फलाटाच्या मधोमध उभी राहून रडू लागली. दोन गाड्या समोर आणि तिला कुठली ते कळेना. मी खिडकीतून पाहिलं, धाकू चिंचेखालून उठला. तिच्यापाशी गेला, तिला बसवलं, पाणी आणून दिलं, पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. आणि शेवटी घड्याळाचं सांगताना म्हणाला, "हे सांगायला मी माज्या व्याह्याला इसरलो, आई. माज्या पोरीचं लगीन त्यापायी मोडत व्हतं. म्हनून तुला दोनदा सांगतो." त्यानंतर हयातभर तो हे असंच सांगत राहिला. आधी लोक ऐकून सोडून देत. आता कोणी विसरेना. गाडीवाल्यांना चिडवण्यासारखं काही उरलं नाही, कारण ज्यावरून चिडवायचं ते तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता.

धाकू वारला तो पंच्याण्णव साली, तापाने, चार दिवसांत. त्या वेळी मी रजेवर होतो. परत आलो आणि चिंचेखाली त्याचे बैल दिसले नाहीत, तेव्हा कळलं. त्या दिवशी मी खिडकीतून कोणावर ओरडलो नाही.

दिवसकार्य आटोपून सगुणा बाळकुमला परत निघाली तेव्हा माझ्या खिडकीशी आली. अंगाने भरलेली, कडेवर पोर, बरोबर आणखी दोन. ठाण्याची तिकिटं मागितली. मी तिला आत बोलावून बसायला दिलं. इतक्या वर्षांचा प्रश्न मला छळत होता, तो मी विचारला.

"सगुणा, त्या तारेवरून तुला सासरी कधी कोणी बोललं का गं? रघु म्हणाला होता, जन्मभर ऐकावं लागेल."

तिने पोराला खाली उतरवलं आणि हसली, मग डोळे पुसले.

"एकदा," ती म्हणाली. "पयल्या वर्साला. भात करपला, तवा सासू बोलली, बापासारखीच हाय, येल कलत नाय. सासरे पानावरनं उठले. त्या दिशी ते जेवले नाय. सासूला बोल्ले, ठान्याच्या फलाटावर सगली दुनिया मना हसत व्हती, तवा माजी लाज हिच्या बापानं राखली, सोताची घालवून. त्याचं नाव या घरात घ्यायचं तर उभं राहून घ्यायचं."

गाडीची घंटा झाली. तिने पोरांना हाताशी धरलं आणि डब्याकडे चालू लागली. दारात मागे वळून म्हणाली, "मास्तर, बा गेल्याची खबर आली, तवा सासरे खाटेवर व्हते. उठवत नाय त्यांना आता. पन मना बोल्ले, सगुणा, मना धरून उभं कर."